गावभागातलं घर आणि आजींच्या खोलीतली कॉर्कची फरशी

पार्श्वभूमी

सांगलीच्या गावभागातलं हे दुमजली घर १९९० च्या दशकात बांधलेलं आहे. घरच्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. तळमजल्यावर मुलाचं कर सल्लागाराचं ऑफिस, बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर. वर तीन खोल्या आणि त्यांना जोडणारा चिंचोळा पॅसेज. घरात चार माणसं: अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी, मुलगा, शाळेत शिकवणारी सून आणि भरतनाट्यम शिकणारी नात.

या घरातल्या जमिनींचा इतिहास पुरापासून सुरू होतो. सांगली शहरात पाऊस तसा बेताचाच पडतो, पण महाबळेश्वर-कोयनेकडे तो कोसळला की कृष्णा इथे चढते. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं आणि या घराचा तळमजला बुडाला. बैठकीत दोनच वर्षांपूर्वी हौसेने घातलेलं लाकडी रंगाचं लॅमिनेट होतं. पाणी ओसरल्यावर त्याच्या पट्ट्या भिजलेल्या पापडासारख्या वाकून वर आल्या होत्या आणि खाली चार बोटं गाळ साचला होता. सगळं उचलून टाकावं लागलं. त्याच्या जागी शहाबादी फरशी बसवली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आत आलं, तेव्हा ती फरशी नळीने धुऊन, ब्लीचिंग पावडर टाकून आठवड्यात वापरात आली.

दुसऱ्या पुरानंतर आजींचा पलंग कायमचा वरच्या मजल्यावर गेला. वरच्या खोल्यांना चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल होत्या.

अडचण

आजींच्या दोन्ही गुडघ्यांना संधिवात आहे आणि टाचा दुखतात. खाली शहाबादीवर त्या वर्षानुवर्षं अनवाणी वावरल्या. वर आल्यावर सकाळी पाय जमिनीला टेकवत नाही, अशी त्यांची तक्रार सुरू झाली. घरातल्या घरात चपला घालणं त्यांना पटत नव्हतं आणि देवापुढे तर शक्यच नव्हतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये बाथरूममधून ओल्या पायांनी बाहेर पडताना त्या गुळगुळीत टाइलवरून घसरल्या. डावं मनगट मोडलं, प्लास्टर घालावं लागलं. त्यानंतर वॉकर आला आणि वॉकरबरोबर भीतीही आली. दिवसातला बराच वेळ त्या पलंगावर बसून काढू लागल्या. माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच होती. हाड जुळून येतं, पण चालणं थांबलेलं म्हातारं माणूस पुन्हा चालतं करणं फार अवघड असतं.

दुसरी अडचण आवाजाची होती. पॅसेज ऑफिसच्या बरोबर डोक्यावर. वॉकरची टकटक, खुर्ची सरकल्याचा किरकिराट आणि संध्याकाळी नातीचा सराव हे सगळं खाली अशिलांसमोर ऐकू यायचं.

मुलाने इंटरनेटवर कॉर्कच्या फरशीबद्दल वाचलं होतं. पायाला ऊबदार, किंचित दबणारी, आवाज गिळणारी. त्याची इच्छा होती की संपूर्ण घराला, तळमजल्यासकट, कॉर्क घालावा. फरशीच्या सल्ल्यासाठी आमच्याकडे तो आला तो हे ठरवूनच.

कॉर्क म्हणजे काय वस्तू आहे

बाटलीचं बूच आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ते ज्या सालीचं असतं, त्याच सालीची ही फरशी. भूमध्य समुद्राच्या आसपास वाढणाऱ्या एका ओक झाडाची ती साल असते आणि जगातलं जवळपास निम्मं उत्पादन एकट्या पोर्तुगालमध्ये होतं. झाड तोडत नाहीत. ते साधारण पंचवीस वर्षांचं झाल्यावर पहिल्यांदा साल सोलतात, पुढे दर नऊ वर्षांनी. साल पुन्हा वाढते. बुचं कापून उरलेला चुरा आणि बुचाच्या लायकीची नसलेली साल दळून, चिकटद्रव्य घालून, उष्णता आणि दाब देऊन ठोकळे करतात, आणि त्या ठोकळ्यांचे काप म्हणजे फरशीच्या टाइल.

रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली ज्या पेशी पाहिल्या, त्या बुचाच्याच होत्या. एका घन सेंटिमीटरमध्ये अशा सुमारे चार कोटी पेशी असतात, प्रत्येक बंद आणि हवेने भरलेली. त्यांच्या भिंतींत सुबेरिन नावाचा मेणासारखा पदार्थ असतो, तो पाणी सहजी आत घेत नाही. या फरशीचे सगळे गुण आणि सगळ्या मर्यादा याच रचनेतून येतात. हवा उष्णता हळू वाहून नेते, म्हणून पायातली ऊब फरशी शोषून घेत नाही. व्हिट्रिफाइड टाइल आणि कॉर्क एकाच खोलीत एकाच तापमानाला असतात, तरी टाइल गार लागते, कारण ती तळपायातली उष्णता भराभर ओढून घेते. पाय पडला की पेशी दबतात आणि पाय उचलला की पुन्हा फुगतात. पण कपाटाचा पाय वर्षभर एकाच जागी दाबून ठेवला, तर पेशी पूर्ववत होत नाहीत आणि खड्डा राहतो.

समोर असलेले पर्याय

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे आहे त्या टाइलवर सतरंज्या किंवा गालिचा. वॉकर वापरणाऱ्या माणसाच्या वाटेत सुटी सतरंजी म्हणजे दुसऱ्या अपघाताची तयारी, म्हणून तो पहिल्याच बैठकीत बाद झाला. भिंतीपासून भिंतीपर्यंतचा गालिचा मऊ असतो, पण सुनेला धुळीचा दमा आहे.

पीव्हीसीची शीट स्वस्त पडते आणि पाण्याला घाबरत नाही. मऊपणा मात्र नावालाच असतो आणि चार-पाच वर्षांत सांधे उचलायला लागतात. दगडाच्या भुकटीपासून केलेल्या एसपीसी पट्ट्या सध्या खूप खपतात. त्या पाण्यात टिकतात, पण पायाखाली टाइलइतक्याच कडक लागतात. आजींची तक्रार त्यांनी सुटली नसती.

मॅट फिनिशच्या, न घसरणाऱ्या टाइल हा पर्याय मी गांभीर्याने मांडला होता. घसरण्याचा प्रश्न त्यातून सुटतो, खर्च कमी, टिकाऊपणाची चिंता नाही. पण टाचांचं दुखणं तिथंच राहतं आणि आवाजही तिथंच.

कॉर्कचे दोन प्रकार बाजारात मिळतात. एक, चार ते सहा मिलिमीटर जाडीची अखंड कॉर्कची टाइल, जी खालच्या जमिनीला चिकटवतात. दुसरा, दहा-बारा मिलिमीटरची, एकमेकींत अडकवायची पट्टी. हिच्या पोटात दाबलेल्या लाकडी तंतूंचा एचडीएफ थर असतो, वर आणि खाली कॉर्क. ती जमिनीला चिकटवत नाहीत, नुसती अंथरतात. दुसरा प्रकार घालायला सोपा, पायाला जास्त मऊ आणि काढून नेता येण्याजोगा. एका विक्रेत्याने तो ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दाखवला होता. वरचं कॉर्क पाण्याला दाद देत नाही हे खरं, पण सांध्यातून पाणी एचडीएफपर्यंत पोहोचलं की तो फुगतो आणि फुगलेला पुन्हा बसत नाही. २०१९ चं लॅमिनेटही पोटातल्या अशाच थरामुळे गेलं होतं. ते आठवल्यावर मुलाला वेगळं समजवावं लागलं नाही.

पहिला निर्णय: कुठे घालायची नाही

घालायची कुठे, यापेक्षा घालायची कुठे नाही हे आधी ठरवलं, आणि माझ्या मते काम टिकलं ते यामुळे.

तळमजला पूर्ण वगळला. कॉर्क स्वतः पुराच्या पाण्यात कुजत नाही, पण पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं. त्यात गाळ असतो, गटाराचं सांडपाणी असतं. ते टाइलच्या खाली शिरलं की चिकटद्रव्य सुटतं आणि ती घाण तिथेच राहते. जिथे नदी दोन वर्षांच्या अंतराने दोनदा आत आली, तिथे धुता येणारी शहाबादीच योग्य. शिवाय तळमजल्याला जमिनीतून वर चढणारी ओल असते. जुन्या घरांत जोत्याखाली ओल अडवणारा थर असेलच याची खात्री नसते.

आजींनी स्वतः आणखी एक मुद्दा काढला, जो आमच्यापैकी कुणाच्याच यादीत नव्हता. “एप्रिलच्या दुपारी उघड्या फरशीवर अंग टाकायचं सुख तू काढून घेणार का रे?” त्यांनी मुलाला विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. सांगलीचा उन्हाळा चाळिशीकडे जातो, आणि कॉर्क जसं पायाची ऊब घेत नाही तसंच पाठीची उष्णताही घेत नाही. युरोपातल्या घरांसाठी जो निव्वळ फायदा, तो आपल्याकडे चार महिने तोटा ठरू शकतो. म्हणून वरची मधली खोलीही टाइलचीच ठेवली. दुपारी तिथे आडवं व्हायचं, असं ठरलं.

बाथरूमबद्दल मुलाशी बराच वाद झाला. अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट यांनी १९३० च्या दशकात बांधलेल्या ‘फॉलिंगवॉटर’ या घरात न्हाणीघरांच्या जमिनी आणि भिंतीही कॉर्कच्या आहेत, हे त्याने वाचलं होतं. मग आपल्याकडे का नको? उत्तर आपल्या आंघोळीच्या पद्धतीत आहे. तिथे पाणी टबात राहतं आणि बाकीची खोली कोरडी असते. आपण बादली-तांब्याने आंघोळ करतो, जमीन घासून पाणी ओढतो. रोज पाणी साचणाऱ्या जागी कॉर्क घालू नये. बाथरूमला खरबरीत टाइल आणि दोन दांड्या बसवायचं ठरलं.

राहिली आजींची १२ बाय ११ फुटांची खोली आणि पॅसेज. दोन्ही मिळून १९० चौरस फुटांच्या आत. संपूर्ण घराचा बेत इथपर्यंत आला तेव्हा मुलगा थोडा हिरमुसला, सून मात्र खर्चाचा आकडा पाहून सुखावली.

एक गोष्ट या टप्प्यावर स्पष्ट सांगितली. सहा मिलिमीटर कॉर्क हाडं मोडण्यापासून वाचवेल, असा भरवसा देता येत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात एका वृद्धनिवासात खास धक्का शोषणाऱ्या, इंचभर जाड जमिनीची चाचणी झाली होती. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पडल्यानंतरच्या गंभीर दुखापती तिथेही कमी झालेल्या दिसल्या नाहीत. आजी पडू नयेत यासाठी दांड्या, रात्रीचा दिवा, उंबऱ्याचा उतार आणि पाय पुसायची जागा या गोष्टी फरशीपेक्षा महत्त्वाच्या होत्या. फरशीकडून अपेक्षा एवढीच, की ती घसरू देऊ नये, टाचांना सोसावी, आणि आजींना पलंगावरून उतरावंसं वाटावं.

ओलीचा शोध

वरच्या मजल्याच्या स्लॅबला खालून ओल येत नाही, म्हणून बरेच जण इथे तपासणी टाळतात. आम्ही जूनच्या सुरुवातीला चार ठिकाणी एकेक टाइल काढली. उघड्या पडलेल्या थरावर दीड-दीड फुटांचा प्लास्टिकचा चौकोन ठेवून चारी कडा टेपने बंद केल्या आणि दिवसभर तसाच ठेवला. तीन ठिकाणी काही दिसलं नाही. बाथरूमच्या भिंतीलगतच्या चौथ्या चौकोनाखाली दव जमलं होतं.

बाथरूमच्या नहाणी ट्रॅपभोवतीचा, म्हणजे जमिनीतलं पाणी जिथून वाहून जातं त्या तोंडाभोवतीचा, सांधा सुटलेला निघाला. पाणी फार नव्हतं. पण रोजच्या आंघोळीचं थोडं थोडं पाणी टाइलखालच्या वाळूसिमेंटच्या थरात मुरत होतं. वर व्हिट्रिफाइड असल्याने कुणाला कळत नव्हतं. वर कॉर्क आलं असतं तर वर्षभरात चिकटद्रव्य सुटून कडा वर आल्या असत्या आणि दोष कॉर्कवर गेला असता. ‘कॉर्क आपल्या हवेत टिकत नाही’ असं जे ऐकू येतं, त्यामागे बहुतेक वेळा अशीच न शोधलेली ओल असते, असं माझं मत आहे.

इथे घरात दोन तट पडले. मुलाचं म्हणणं, ट्रॅप दुरुस्त करून लगेच काम सुरू करू, आईला पावसाळ्याआधी नवी खोली मिळू दे. आमचं म्हणणं, मुरलेलं पाणी सुकायला वेळ द्यावा. शेवटी पावसाळा जाऊ द्यायचं ठरलं. बाथरूमची जमीन फोडून वॉटरप्रूफिंग नव्याने केलं, ट्रॅप बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवलं, खालच्या छताला ओल येत नाही हे पाहिलं. बाथरूमच्या दांड्या आणि खरबरीत टाइल त्याच वेळी बसवल्या. त्यामुळे वाट पाहण्याच्या काळातही आजींची निम्मी भीती कमी झाली. ऑक्टोबरमध्ये पुन्हा प्लास्टिक चिकटवलं, चौथा चौकोन कोरडा निघाला.

पावसाळा जाऊ देण्याचा आणखी एक फायदा होता. कॉर्क हवेतल्या दमटपणाने किंचित फुगतं आणि कोरडेपणाने आकसतं. मार्च-एप्रिलच्या रखरखीत हवेत घट्ट बसवलेल्या टाइल जुलैत एकमेकींना ढकलतात. भर पावसात बसवलेल्या टाइलमध्ये उन्हाळ्यात फटी दिसतात. दिवाळीनंतरची हवा या दोन्हींच्या मधली असते.

प्रत्यक्ष काम

नोव्हेंबर २०२२ मध्ये काम सुरू झालं. जुन्या टाइल उखडायच्या की त्यांच्यावरच बसवायचं, हा प्रश्न होता. उखडल्या असत्या तर जमिनीची उंची वाढली नसती, पण धूळ आणि ठोकाठोकी सुनेच्या दम्याला नको होती. काठीने ठोकून प्रत्येक टाइलचा आवाज ऐकला. ज्या पोकळ वाजल्या त्या काढून तिथे भरणी केली. बाकीच्यांची चकाकी ग्राइंडरने घासून काढली, प्रायमर मारला आणि आपोआप समतल होणाऱ्या सिमेंटी द्रवाचा पातळ थर ओतला. हा थर वगळला, तर जुन्या टाइलचे सांधे काही महिन्यांत कॉर्कमधून चौकटीसारखे दिसू लागतात.

टाइल मुंबईहून मागवल्या: ६०० बाय ३०० मिलिमीटर, सहा मिलिमीटर जाडी. घनता घनमीटरला साडेचारशे किलोच्या वर आहे, हे पत्रकात पाहून घेतलं. हलक्या घनतेच्या टाइल हाताला मऊ लागतात, पण लवकर दबतात. कापाकापीसाठी दहा टक्के जादा घेतल्या. पेट्या उघडून टाइल तीन दिवस त्याच खोलीत ठेवल्या, म्हणजे तिथल्या हवेला त्या सरावल्या.

चिकटवायला पाण्याच्या आधाराचं कॉन्टॅक्ट ॲढेसिव्ह वापरलं. ते जमिनीला आणि टाइलच्या पाठीला दोन्हीकडे लावायचं, बोटाला चिकटेनासं झालं की टाइल टेकवायची. एकदा टेकवलेली सरकवता येत नाही, म्हणून पहिली ओळ दोरी मारून आखली. हे काम करणाऱ्या मिस्त्रींनी याआधी विनाइल बसवलं होतं, कॉर्क पहिल्यांदाच. मधल्या खोलीत प्लायच्या तुकड्यावर त्यांनी आधी चार टाइल बसवून पाहिल्या. सगळ्या टाइल बसल्यावर जड रोलर फिरवला आणि मग पाण्याच्या आधाराच्या पॉलियुरेथेनचे तीन हात दिले. टाइलवर कारखान्यातलं फिनिश असलं, तरी सांधे त्याने बंद होत नाहीत. जागेवर दिलेले हातच सांध्यांत उतरतात.

जमीन साधारण नऊ मिलिमीटर वर आली. दारं खालून रंधून घेतली. बाथरूमच्या दाराशी असलेल्या ग्रॅनाइटच्या पट्टीऐवजी दोन्हीकडे उतार दिलेली पट्टी बसवली, म्हणजे वॉकरचा पाय अडखळत नाही. दाराबाहेर दोन फूट रुंदीची खरबरीत टाइल तशीच ठेवली, ओले पाय तिथे पुसायचे.

देवघराचा प्रश्न सुनेने वेळेवर काढला. आजींच्या खोलीच्या कोपऱ्यात देव्हारा आहे. समईचं तेल, उदबत्तीची राख, हळदकुंकू. फिनिशवर तेल बसत नाही, पण पेटती वात पडली तर डाग राहणारच, आणि हळद सांध्यात गेली तर पिवळेपणा लवकर जात नाही. म्हणून देव्हाऱ्यासमोर तीन बाय तीन फुटांचा काळ्या कडाप्प्याचा चौकोन कॉर्कच्या पातळीतच बसवला. खोलीत शोभूनही दिसतो.

पोछा

फरशीच्या टिकाऊपणाचा रोजचा निकाल पोछ्यावर लागतो, म्हणून याला वेगळी जागा देतो. आपल्याकडे फरशी पुसणं म्हणजे फिनेलच्या पाण्याने निथळत्या फडक्याने पुसणं. कॉर्कला हे चालत नाही. फडकं घट्ट पिळून, साध्या पाण्यात सौम्य साबणाचे चार थेंब, बस्स. फिनेल नाही, ॲसिड तर मुळीच नाही.

घरकामाला येणाऱ्या मावशींना हे सांगायचं कुणी, यावर सून संकोचत होती. आम्ही त्यांना कामाच्या शेवटच्या दिवशी बोलावून टाइलचा उरलेला तुकडा हातात दिला. कापलेल्या कडेवर पाणी सोडून, अर्ध्या तासाने ती कड कशी फुगते ते दाखवलं. त्यांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, “बादलीच वेगळी ठेवा ना वहिनी, म्हणजे विसरायचा प्रश्न नाही.” त्या दिवसापासून वरच्या मजल्यावर एक हिरवी बादली आहे आणि तिच्यात फिनेल कधी पडलेलं नाही.

तीन वर्षांनंतर

आजी अनवाणी चालतात. पहिल्या आठवड्यातच त्यांनी सकाळी पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालायला सुरुवात केली. आता वॉकर सोडून काठीवर आल्या आहेत. याचं श्रेय फिजिओथेरपीला आणि त्यांच्या जिद्दीला आधी द्यायला हवं. टाचांचं दुखणं गेलेलं नाही, पण सकाळचा पहिला पाय टेकवताना त्या थांबत नाहीत. हिवाळ्यातला फरक त्यांना सगळ्यात जास्त जाणवतो.

पॅसेजमधल्या पावलांचा आवाज खाली जवळजवळ ऐकू येत नाही. काठीची टकटक मंद झाली. बोलण्याचा किंवा टीव्हीचा आवाज मात्र तितकाच येतो. फरशी पावलांचा धक्का शोषते, हवेतून जाणारा आवाज अडवत नाही. नातीचा सराव तिच्याच खोलीत, टाइलवरच चालतो, त्यामुळे तो त्रास कायम आहे.

सांधे सगळे बंद आहेत. बाथरूमच्या भिंतीलगत कुठेही कड उचललेली नाही. पॅसेजच्या वळणावर, जिथे पाय सर्वांत जास्त पडतात, तिथली चकाकी उतरली आहे, पण झीज फिनिशपुरतीच आहे, खालच्या कॉर्कपर्यंत पोहोचलेली नाही.

दोन ठिकाणी मात्र खुणा आहेत. लोखंडी कपाट कामानंतर परत आणलं तेव्हा त्याच्या पायांखाली रुंद पट्ट्या द्यायचं राहून गेलं. वर्षभराने साफसफाईसाठी कपाट हलवलं, तर चार वाटोळे खड्डे दिसले. ते आता जाणार नाहीत. पलंगाच्या पायांखाली नमद्याच्या चकत्या पहिल्यापासून आहेत, तिथे काहीही नाही. दुसरी खूण पश्चिमेच्या खिडकीची. संध्याकाळचं ऊन थेट फरशीवर येतं आणि तिथला मधासारखा रंग फिकट झाला आहे. खिडकीखालची पेटी सरकवली की तिच्या आकाराचा गडद चौकोन दिसतो. पडदे लावले होते, पण आजींना उजेड हवा असतो. ते सोडवण्याजोगं भांडण नाही.

खर्चाचं सांगायचं तर फक्त फरशीचा हिशोब चांगल्या मॅट टाइलच्या तिपटीहून जास्त झाला. बाथरूमची दुरुस्ती वेगळी, पण ती कुठलीही फरशी घातली असती तरी करावीच लागली असती.

वेगळं काय करता येईल

असंच घर पुन्हा समोर आलं तर बाथरूमची पाण्याची चाचणी पहिल्याच आठवड्यात घ्यावी. या प्रकरणात घरच्यांची चर्चा रंग आणि नमुन्यांवर बरीच पुढे गेल्यावर ओल सापडली, आणि मग थांबणं सगळ्यांना जड गेलं.

पश्चिमेची खिडकी असेल तर टाइलचा एक नमुना अर्धा झाकून महिनाभर तिथल्या उन्हात ठेवावा. रंग किती उतरतो ते घरच्यांना आधीच दिसतं. मग गडद रंगाऐवजी मुळातच फिकट रंग निवडता येतो, किंवा काचेला अतिनील किरण अडवणारी फिल्म लावता येते. ही फिल्म उजेड ठेवून ऊन मवाळ करते. आजींच्या खोलीला ती आता लावली आहे.

नातीच्या खोलीचा विषय मागच्या महिन्यात पुन्हा निघाला. तिथेही कॉर्क घालावं असं मुलाला वाटतं. मी नको म्हटलं आहे. नाचणाऱ्या पायांना खाली लवचीक लाकडी चौकट असलेली जमीन लागते. सिमेंटच्या स्लॅबवर चिकटवलेलं सहा मिलिमीटर कॉर्क तिच्या नडग्यांना वाचवणार नाही. खाली रबराचे ठोकळे, त्यावर प्लायचे दोन आडवे-उभे थर, असा आठ बाय आठ फुटांचा सरावाचा चौथरा करून पाहावा, असं सुचवलं आहे. ऑफिसमधला आवाजही त्याने कमी होईल.

उरलेल्या टाइल आजींच्या पलंगाखाली, बंद पेटीत ठेवल्या होत्या. त्यातल्या चार बाहेर काढून आता खिडकीपाशी उन्हात ठेवल्या आहेत, म्हणजे कपाटाखालची दबलेली जागा बदलायची वेळ आली तर रंग जुळेल. पॅसेजला पॉलियुरेथेनचा नवा हात येत्या फेब्रुवारीत द्यायचा आहे. आजी तेव्हा चार दिवस मुलीकडे मिरजेला जातील.